अमेरिकेत घरी बनवलेल्या बंदुकीवर नंबर कशाला हवा? गुन्हेगार तो घासून काढतातच ना?

तुमचा प्रश्न दोन भागांत आहे. बंदूक बाळगणं हा तिथे घटनेने दिलेला हक्क असताना सरकार नंबराची सक्ती कशी करतं, हा पहिला. गुन्हेगार नंबर घासतातच, मग त्याचा उपयोग काय, हा दुसरा. मी दुसऱ्यापासून सुरू करतो, कारण हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय आणि दर वेळी ते चुकीच्या समजुतीवर उभं असतं.

समजूत अशी की कुठेतरी एक संगणक आहे, त्यात नंबर टाकला की मालकाचं नाव येतं. असा संगणक अमेरिकेत नाही. 1986 च्या कायद्याने केंद्र सरकारला बंदूकमालकांची अशी नोंदवही करायलाच मनाई केली आहे. माग काढायचं काम वेस्ट व्हर्जिनियातल्या मार्टिन्सबर्गच्या केंद्रात चालतं, आणि तेही कागदामागे कागद काढत. पोलीस बंदुकीची कंपनी, मॉडेल, कॅलिबर आणि नंबर कळवतात. मार्टिन्सबर्गचं केंद्र कंपनीला विचारतं, कंपनी घाऊक व्यापाऱ्याचं नाव देते, तो दुकानदाराचं. दुकानदाराने 24 तासांत उत्तर द्यायचं असतं. तो आपल्याकडचा फॉर्म 4473, म्हणजे खरेदीच्या वेळी गिऱ्हाइकाने भरलेला कागद, काढतो आणि पहिल्या गिऱ्हाइकाचं नाव सांगतो. माग इथे संपतो. पुढे त्या गिऱ्हाइकाने ती शेजाऱ्याला विकली असेल, तर बऱ्याच राज्यांत त्याचा कागदच नसतो. दुकान बंद पडलं असेल तर त्याचे फॉर्म मार्टिन्सबर्गला येतात, स्कॅन होतात, पण नावाने शोधता येत नाहीत. माणसं पानं चाळतात.

यात गडबड होते ती बहुतेक वेळा नंबर उतरवून घेतानाच. पेटंटचा आकडा नंबर म्हणून लिहिला जातो, पुढचं अक्षर गळतं, ओ आणि शून्याची अदलाबदल होते, आयात करणाऱ्याचं नाव कंपनी म्हणून नोंदलं जातं. एवढ्यावर अख्खा माग तुटतो.

इतकं वेळखाऊ असूनही दरवर्षी लाखो बंदुकांचा माग घेतला जातो, कारण नंबर शाबूत असलेल्या बंदुका गुन्ह्यांत भरपूर सापडतात. एकाच गिऱ्हाइकाने घेतलेल्या चार बंदुका काही महिन्यांत वेगवेगळ्या शहरांत सापडल्या, तर तो दुसऱ्यांसाठी खरेदी करत होता हे उघड होतं. नंबराचा खरा उपयोग हा आहे. आणि घासलेला नंबर म्हणजे गेलेला नंबर असंही नाही. नंबर ठोकताना खालच्या धातूवर दाब बसलेला असतो, त्यामुळे प्रयोगशाळेत आकडे पुष्कळदा परत उठवता येतात. शिवाय नंबर घासणं हा स्वतंत्र गुन्हा आहे. मुळात नंबरच नसेल तर यातलं काहीच हाताला लागत नाही.

आता पहिला भाग. 1968 च्या कायद्यानुसार बंदूक मोजली जाते ती फ्रेमवरून किंवा रिसीव्हरवरून, म्हणजे बाकीचे भाग ज्यात बसतात त्या मुख्य सांगाड्यावरून. नंबर त्यावर, गिऱ्हाइकाची तपासणी त्यासाठी. नळी, स्लाइड, ट्रिगर कागदाशिवाय मिळतात. फट इथेच पडली. फ्रेम थोडी अपुरी ठेवून, बाकीच्या सुट्या भागांसकट संच म्हणून विकली की 'ही बंदूकच नाही' असं विक्रेते म्हणू लागले. नंबर नाही, फॉर्म नाही, तपासणी नाही. पोलिसांनी मागासाठी पाठवलेल्या अशा बंदुका 2017 मध्ये सुमारे 1,600 होत्या, 2021 मध्ये 19,000 च्या वर गेल्या.

केंद्र सरकारच्या 2022 च्या नियमाने असे संच बंदुकीच्या व्याख्येत आणले. 26 मार्च 2025 ला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तो नियम 7 विरुद्ध 2 मतांनी टिकवला. निकाल लिहिला न्यायमूर्ती गॉर्सच यांनी, ज्यांना कोणी बंदूकविरोधी म्हणणार नाही. त्यांचा युक्तिवाद भाषेचा होता: सुटे भाग जोडायचे राहिले तरी आपण टेबलाला टेबलच म्हणतो. असा एक संच आधी कधी न हाताळलेल्या माणसाने त्यातून 21 मिनिटांत बंदूक तयार केली, हेही निकालात आहे.

मात्र हा निकाल 1968 च्या कायद्याच्या अर्थावर आहे, शस्त्र बाळगण्याचा हक्क देणाऱ्या दुसऱ्या घटनादुरुस्तीवर नाही. बंदुकीच्या हक्कवाल्यांचा भक्कम मुद्दा शिल्लक आहेच: देशाच्या स्थापनेच्या काळात लोक घरी बंदुका बनवत आणि त्यांवर नंबर नसे, आणि 2022 पासून न्यायालयच बंदुकीचे निर्बंध इतिहासाशी ताडून बघतं. मी तो मुद्दा मान्य करतो. पण बंदूक बाळगणं हा व्यक्तीचा हक्क मानणाऱ्या त्याच न्यायालयाच्या 2008 च्या हेलर निकालातच व्यापारी विक्रीवरच्या अटींना धक्का लावलेला नाही, आणि संच विकणं हा व्यापार आहे. स्वतःसाठी बनवणारा आणि संच विकणारा यांना एका तागडीत तोलू नका.

आपल्याकडचे लोक अशा घरी बनवलेल्या बंदुकीला 'अमेरिकेतला गावठी कट्टा' म्हणतात तेही चूक. कट्टा सुरुवातीपासूनच बेकायदा, कारण भारताच्या 1959 च्या शस्त्र अधिनियमाच्या कलम 5 प्रमाणे परवान्याशिवाय बनवणंच गुन्हा आहे. अमेरिकेत केंद्रीय कायद्यात, ज्याला बंदूक बाळगायला मनाई नाही अशा माणसाने स्वतःपुरती बनवली तर ना परवाना लागतो ना नंबर. विकायचा धंदा केला तर परवाना हवा. अशी बंदूक परवानाधारक दुकानदाराच्या साठ्यात आली, तर सात दिवसांत किंवा विकण्याआधी, जे आधी येईल तेव्हा, त्याने नंबर घालायचा. तो किमान 0.003 इंच खोल, अक्षरं किमान 1/16 इंच.

राज्यांचं वेगळं. कॅलिफोर्नियात 2018 पासून बनवण्याआधीच राज्याकडून नंबर मागावा लागतो आणि पुढे नियम आणखी कडक झाले. न्यू जर्सी, न्यूयॉर्कही कडक आहेत.

आणि तुम्ही किंवा घरातलं कोणी एच-1बी वा विद्यार्थी व्हिसावर असाल, तर हे सगळं बाजूला ठेवा. तात्पुरत्या व्हिसावरच्या माणसाला तिथे बंदूक बाळगायलाच मनाई आहे, नंबर असो वा नसो. शिकारीचा परवाना वगैरे मोजके अपवाद आहेत, ते वकिलाकडून लेखी घेतल्याशिवाय नेमबाजीच्या रेंजवर मित्राची बंदूकसुद्धा हातात धरू नका.