टोमॅटोला फुले येतात, फळ का धरत नाही?

प्रश्न : सातव्या मजल्यावरच्या बंदिस्त बाल्कनीत टोमॅटोचे एकच रोप आहे. मधमाश्या फिरकत नाहीत आणि फळ धरत नाही. जोडीला दुसरे रोप लावावे का? (पुणे)

उत्तर : दुसऱ्या रोपाची गरज नाही, कारण टोमॅटोच्या एकाच फुलात पुंकेसर आणि स्त्रीकेसर दोन्ही असतात. फूल उलटे करून पाहिल्यास मधोमध पिवळी, निमुळती नळी दिसते. ती पुंकेसरांची बनलेली असून पराग तिच्या आतल्या बाजूस सुटतो. उघड्यावर वाऱ्याने फूल हलले, किंवा भुंग्याने त्याला बिलगून अंग थरथरवले, की पराग स्त्रीकेसरावर पडतो. आपल्या पोळ्यांतल्या मधमाशीला हे थरथरवणे साधत नाही, त्यामुळे तिच्या न येण्याची काळजी करू नये. सकाळी दहा ते दुपारी एकच्या सुमारास, पराग कोरडा असताना, उमललेल्या फुलांच्या घोसाला देठापाशी बोटाने हलकी टिचकी मारावी आणि हे दोन-तीन दिवस सलग करावे. खाली काळा कागद धरल्यास पिवळसर भुकटी पडताना दिसते. ती दिसली म्हणजे पराग सुटतो आहे.

प्रश्न : टिचकी मारूनही एप्रिलपासून फुले देठाच्या गाठीपाशी पिवळी पडून गळतात. (नागपूर)

उत्तर : हा उन्हाचा परिणाम आहे. दिवसाचे तापमान ३५ अंशांच्या वर आणि रात्रीचे २४ च्या वर राहू लागले की परागकण निकामी होऊ लागतात, मग फूल कितीही हलवले तरी उपयोग होत नाही. दुपारी हिरव्या जाळीची सावली करावी आणि माती ओलसर ठेवावी, पण मे महिन्यात फळाची आशा धरू नये. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये बी पेरल्यास फुलांचा बहर थंडीत येतो, आणि माझ्या मते विदर्भात घरच्या टोमॅटोसाठी हाच खरा हंगाम आहे. मात्र रात्रीचे तापमान १३ अंशांखाली गेल्यासही फळधारणा मंदावते.

प्रश्न : पावसाळ्यात रोप फोफावते, पण फळे अगदी थोडी लागतात. (रत्नागिरी)

उत्तर : दमट हवेत पराग चिकट होऊन नळीतच अडकतो. रोप छपराखाली, वारा खेळेल अशा जागी ठेवावे आणि नत्रयुक्त खत थांबवावे.

प्रश्न : फळ धरते, पण त्याचे बूड काळे पडते. परागीभवन अपुरे झाले का?

उत्तर : नाही. फळाच्या टोकापर्यंत कॅल्शियम न पोहोचल्याने असे होते, आणि त्यामागे बहुधा कुंडी कधी कोरडी ठणठणीत, तर कधी तुडुंब भरलेली असणे हेच कारण असते. अंड्यांच्या टरफलांचा चुरा मातीत फार सावकाश विरघळतो, त्यामुळे आधी पाणी नियमित द्यावे.