सेटिंगचे दोन तास आणि ६०० नगांचा लॉट

प्रश्न: उद्यमबागेत आमचं छोटं मशीन शॉप आहे. बिडाच्या कास्टिंगचं सीएनसी लेथवर टर्निंग, मग ड्रिलिंग. जॉब बदलताना सेटिंगला दोन तास जातात, म्हणून ६०० चा लॉट लावतो. तरी माल वेळेवर जात नाही. आणखी एक लेथ घ्यावी का?
– एक वाचक, बेळगाव

उत्तर: एवढ्यात कर्ज काढू नका. शॉपमध्ये अर्धवट पडलेले नग मोजा आणि रोज बाहेर जाणाऱ्या नगांनी भागा. १८०० पडून असतील आणि रोज १५० जात असतील, तर आज आत आलेलं कास्टिंग सरासरी १२ दिवसांनी बाहेर पडणार. मशीनिंग मिनिटांचं, बाकी सगळी रांग.

रांग लॉटमुळे आणि लॉट सेटिंगमुळे, म्हणून हात तिथेच घाला. एका सेटिंगचं मोबाइलवर पूर्ण चित्रीकरण करून ऑपरेटरसोबत पाहा. कोणतं काम मशीन चालू असतानाच उरकता आलं असतं? जपानी उत्पादन-तज्ज्ञ शिगेओ शिंगो यांनी याच प्रश्नाच्या जोरावर टोयोटात १००० टनी प्रेसचं चार तासांचं सेटिंग तीन मिनिटांवर आणलं.

ड्रॉइंग, गेज, इन्सर्ट, ॲलन की हे सगळं आधीचा लॉट संपण्यापूर्वी ट्रॉलीवर हवं. नेहमीची टूल्स टरेटवर (लेथच्या फिरत्या टूल-धारकावर) ठरलेल्या जागीच राहू द्या. खरा वेळ सॉफ्ट जॉ खातात, म्हणजे जॉबच्या मापात कापून घ्यायचे चकचे मऊ जबडे. जॉबनिहाय वेगळा संच ठेवा, जॉवर १-२-३ नंबर आणि चकवरच्या दात्याची खूण करा. पुन्हा लावल्यावर डायलने रनआउट (फिरताना किती हलतं ते) बघून गरजेपुरता हलका कट घ्या. जॉ बोअर करताना रिंग पकडून दाब जॉब धरतानाचाच ठेवा. दाब बदलला की जॉ वेगळे झुकतात, पकड पूर्ण लांबीभर बसत नाही. पहिला नग तपासायला माणूस आधीच सांगून ठेवा, नाहीतर मशीन त्याची वाट बघत उभी.

सेटिंग अर्ध्या तासावर आलं की लॉट १५० चा करा. सेटिंगमध्ये जाणारा एकूण वेळ तेवढाच राहतो. बरेच जण इथेच चुकतात: वाचलेल्या वेळात ६०० चाच लॉट आणखी लवकर काढतात आणि ढीग वाढवतात. टर्निंगचे नगही २०-२० च्या क्रेटने लगेच पुढे द्या. ब्लोहोल (कास्टिंगच्या आतली वायूची पोकळी) पुष्कळदा ड्रिलिंगलाच उघडा पडतो. तो विसाव्या नगाला कळला तर फाउंड्रीला त्याच दिवशी हीट नंबर (एका वेळी वितळवलेल्या धातूचा क्रमांक) कळवता येतो. सहाशे टर्न झाल्यावर कळला तर टर्निंगची सगळी मजुरी पाण्यात.

ऑपरेटरला नगावर मजुरी देत असाल, तर सेटिंगच्या वेळेचेही पैसे धरा. नाहीतर छोट्या लॉटला त्याचा विरोध राहणारच, आणि तो रास्त आहे.