चिठ्ठीची खालची ओळ

चि. मुला,

अ. उ. आ.

ही तीन अक्षरं बघून तू थबकला असशील. ‘अनेक उत्तम आशीर्वाद’. माझ्या वडिलांच्या प्रत्येक पोस्टकार्डावर ती असायची आणि ती उलगडून सांगण्याची गरज कुणाला वाटायची नाही. आता पत्रंच गेली, तेव्हा अक्षरंही गेली. कोशासाठी शब्द टिपायच्या तुझ्या नव्या कामातली पहिली चिठ्ठी हिचीच कर. वर शब्द, खाली वापर: ‘वडीलधाऱ्यांनी लहानांना लिहिलेल्या पत्राचा मायना’. आणि सगळ्यांत खाली, कुठे सापडलं ते: ‘बाईंचं पत्र’ आणि तारीख.

तू लिहिलंस की माणदेशात शब्द गोळा करायला गेलास तर गावातल्या म्हाताऱ्या म्हणाल्या, “आमची भाषा अशुद्ध हाय रं, शुद्ध शब्द गुरुजीला इचार.” आणि तू खरंच गुरुजींकडे गेलास! गुरुजींनी ‘जलसिंचन’ वगैरे दहा शब्द लिहून दिले आणि तू ते इमानेइतबारे मला पाठवलेस. रागावले नाही मी, हसले. त्या दहा चिठ्ठ्या फाडू नकोस, पण खाली लिही: ‘शाळेतले शिक्षक, पुस्तकी’. तीही नोंदच आहे. फक्त ती माणदेशाची नोंद नव्हे, पाठ्यपुस्तकाची आहे.

त्या म्हाताऱ्यांना एकदा दाते-कर्वे यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ दाखव. १९३२ ते १९३८ या वर्षांत त्याचे सात खंड निघाले आणि १९५० मध्ये पुरवणी आली. कुठलंही पान उघड, कंसात बारीक खुणा दिसतील: (व.) म्हणजे वऱ्हाडी, (गो.) म्हणजे गोमंतकी, (कु.) कुडाळी, (राजा.) राजापुरी. आणि (माण.) हीसुद्धा. तुझ्या आजीच्या बोलण्याला नव्वद वर्षांपूर्वीच कोशात स्वतःचा कंस मिळालेला आहे, हे तिला सांग. तिथेच ‘ग्राम्य’ असाही एक शिक्का भेटेल. त्या शिक्क्यापासून जप. पुण्यातल्या टेबलावरून पाहिलं की निम्मा महाराष्ट्र ग्राम्य दिसतो. ‘माण.’ ही माहिती आहे, ‘ग्राम्य’ हे मत आहे. चिठ्ठीवर माहिती लिहायची.

अर्थाच्या पुढे आलेल्या खुणाही वाचायला शीक: ‘-ज्ञा’ म्हणजे ज्ञानेश्वरी, ‘-तुगा’ म्हणजे तुकारामांची गाथा, ‘-रा’ म्हणजे इतिहासकार वि. का. राजवाड्यांनी छापलेली इतिहासाची साधनं, पुढे खंड आणि लेखाचा आकडा. वाचणारे लोक अर्थ बघून कोश मिटतात. आपण आधी ही शेपटी बघायची. अर्थ संपादकाचा असतो, तो चुकू शकतो. शेपटीतला आकडा धरून मूळ ओळीपर्यंत जाता येतं आणि चूक पकडता येते. शेपटी नसलेल्या अर्थाला भांडायला प्रतिपक्षच नसतो.

हे मी पुस्तकातून शिकले नाही, मार खाऊन शिकले. कोशाच्या कामाला लागून वर्ष झालं असेल. शाळकरी मुलांसाठी एक छोटा कोश चालला होता आणि ‘थ’चं अक्षर माझ्याकडे होतं. मी पेठेत वाढलेली, विहीर पाहिलेली ती वाड्याच्या चौकातली. ‘थारोळे’ शब्द आला. मला तो पक्का माहीत होता, रोज वर्तमानपत्रात भेटायचा: ‘रक्ताच्या थारोळ्यात पडलेला इसम’. मी लिहिलं: ‘सांडलेल्या रक्ताचा साठा’. चिठ्ठी नाही, विचारणं नाही, डोक्यातून थेट कागदावर. छापून झाल्यावर सातारा जिल्ह्यातून एक कार्ड आलं. मजकूर मला अजून पाठ आहे: “आमच्या विहिरीवर थारोळे आहे. त्यात मोटेचे पाणी पडत असे. चाळीस वर्षांत तिथे रक्त सांडलेले नाही. कळावे.”

मोट तूही पाहिलेली नसणार, म्हणून सांगते. बैल धावेवरून, म्हणजे विहिरीलगतच्या उतारावरून, खाली चालत गेले की नाडा ताणला जाऊन पाण्याने भरलेली कातड्याची मोट वर येते. तिची सोंड सैल सुटली की सगळं पाणी भस्सकन दगडी कुंडात पडतं. ते कुंड म्हणजे थारोळं. तिथून पाणी पाटाला लागतं आणि पाटातून वाफ्यात. पुढे इंजिनं आली, मग विजेचे पंप आले. मोट गेली, धाव बुजली, थारोळ्यात कडबा साठवू लागले. शब्द मात्र बातमीदारांच्या एका ठराविक वाक्यात अडकून राहिला. आज शहरात जन्मलेल्या माणसाला थारोळं म्हटलं की फक्त रक्त आठवतं, आणि तेही चूक नाही, कारण आज मराठीत तो वापर खरोखर आहे. चूक माझी होती ती ही की मी दुसरा अर्थ पहिला आणि एकुलता एक मानला. ते कार्ड मी टेबलाच्या काचेखाली ठेवलं होतं.

म्हणून तुला सांगते, ‘याला काय म्हणतात?’ असा प्रश्न टाळ. प्रश्न ऐकला की माणूस सावध होतो आणि परीक्षेतलं उत्तर देतो. त्यापेक्षा हातात काम असताना जवळ जाऊन बस. पाभर, म्हणजे पेरणीचं अवजार, दुरुस्त करणाऱ्याजवळ बस, तो आपोआप चाड्याबद्दल, म्हणजे बी सोडायच्या तिच्या वाटीबद्दल बोलेल, आणि ‘चाड्यावर मूठ धरली तवा…’ असं म्हणत पेरणीच्या पहिल्या दिवसाची गोष्ट सांगेल. शब्द एकटा उचलू नकोस, अख्खं वाक्य उचल, जसं कानावर पडलं तसं. ‘पानी’ ऐकलंस तर ‘पानी’च लिही, ‘पाणी’ करायचा मोह आवर. अर्थ त्या दिवशी लिहूच नकोस. वाक्य, गाव, बोलणाऱ्याचं अंदाजे वय, काम, तारीख, एवढं पुरे. नावाची गरज नाही.

अर्थ लिहायची वेळ येईल तेव्हा दोन जुन्या खोडी टाळ. एक, गोल फिरणं: थारोळे म्हणजे डबके, डबके म्हणजे थारोळे. वाचणारा भोवऱ्यासारखा गरगरतो. दुसरी, ‘विशेष’. वृक्षविशेष, पक्षिविशेष, मत्स्यविशेष! म्हणजे कसलंतरी झाड, कुठलातरी पक्षी, एखादा मासा. ‘मला ठाऊक नाही’ हे संस्कृतात म्हणायची ही रीत आहे. ठाऊक नसेल तर कोळणीला विचार.

आता तुझा मोठा प्रश्न. ‘कोशात नाही तो शब्द मराठीच नाही, असं आमचे सर म्हणतात.’ तुझ्या सरांना मोल्सवर्थची गोष्ट सांग. हा ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेतला इंग्रज. शब्द गोळा करण्याच्या नादाने लोक त्याला मोलेसरशास्त्री म्हणू लागले. मराठी पंडितांनी केलेला ‘महाराष्ट्र भाषेचा कोश’ १८२९ साली निघाला आणि १८३१ मध्ये मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश आला. त्यात सुमारे ४० हजार शब्द होते. १८५७च्या दुसऱ्या आवृत्तीत ते ६० हजारांच्या घरात गेले. मधल्या सव्वीस वर्षांत मराठीत वीस हजार शब्द नव्याने जन्मले का? बहुतेक आधीपासून लोकांच्या तोंडात होतेच. कोश उशिरा पोचला, एवढंच. १८३१ साली कुणी सरांसारखं म्हटलं असतं तर ते वीस हजार शब्द मराठी नव्हतेच म्हणायचे.

पण सरांचा गोंधळ कुठून येतो तेही समजून घे. सगळे कोश आपल्यासारखे नोंदणारे नसतात, काही घडवणारे असतात. शिवाजी महाराजांनी करवून घेतलेला ‘राज्यव्यवहारकोश’ तसा होता. कारभारात मुरलेल्या फारसी शब्दांना त्यात संस्कृत प्रतिशब्द दिले, पेशव्याला पंतप्रधान आणि मुजुमदाराला अमात्य म्हणायचं ते त्याच धोरणात. गंमत बघ, पुढे राज्य चालवलं ते पेशवे याच नावाने, आणि ‘पंतप्रधान’ हा शब्द पावणेतीनशे वर्षांनी दिल्लीसाठी कामी आला. महाराष्ट्र राज्य झाल्यावर भाषा संचालनालयाने १९६२ साली ‘पदनामकोश’ काढला, तेव्हा लोकांनी त्याला ‘बदनामकोश’ म्हणून घेतलं. आज त्यातले कितीतरी शब्द कचेऱ्यांच्या पाट्यांवर आहेत आणि कुणाला हसू येत नाही. घडवणाऱ्यांशी माझं भांडण नाही. पण ते काम वेगळं आणि तुझं वेगळं. तू पाट्या रंगवायला गेलेला नाहीस.

शिव्या, जातीवाचक म्हणी, विधवांवरच्या ओंगळ म्हणी वगळू का, असं विचारलंस. वगळू नकोस. म्हण वगळली तर पुढच्या पिढीला वाटेल आपण फार सभ्य होतो. पण एक भेद पाळ. म्हण नोंदवणं वेगळं आणि अर्थ सांगताना त्या म्हणीचा सूर आपण लावणं वेगळं. जुन्या कोशांतल्या जातींच्या नोंदी सावकाश वाच. कित्येक ठिकाणी अर्थाच्या जागी पंडिताचं मत बसलेलं दिसेल, तेही वस्तुस्थितीच्या थाटात. ‘हिणवण्यासाठी वापर’ एवढे दोन शब्द कंसात घातले असते तर बिघडलं नसतं.

पुण्याला आलास की डेक्कन कॉलेजात घेऊन जाईन. तिथे १९४८ पासून संस्कृतचा ऐतिहासिक तत्त्वांवरचा महाकोश चालला आहे, वेदांपासून पुढच्या दीड हजारांवर ग्रंथांतून वेचलेल्या चिठ्ठ्यांची कपाटंच्या कपाटं आहेत. पहिला भाग १९७६ साली निघाला, आणि इतके खंड होऊनही गाडी अजून ‘अ’वरच आहे. लोक यावर हसतात. त्यांना सांग, संस्कृतात नकार ‘अ’ने सुरू होतो, म्हणून कुठल्याही शब्दाचा उलटा शब्द येऊन ‘अ’मध्ये बसतो. शिवाय अति, अधि, अनु, अप, अभि, अव हे सगळे उपसर्ग त्याच दारात उभे. ‘अ’ संपला की अर्धा गड चढला म्हणायचं! तिथल्या कपाटासमोर उभी राहिले की मला नेहमी ज्यांनी चिठ्ठ्या लिहिल्या ते आठवतात. आपलं अक्षर कोशात कधी छापून येणार हे ठाऊक नसताना त्यांनी खालची ओळ नीट लिहिली.

आता अभ्यास देते. अवघड शब्द सोपे असतात, ‘अडकित्ता’ची चिठ्ठी कुणीही लिहील. कोशकाराचा घाम काढतात ते सोपे शब्द. ‘लागणे’ घे. ठेच लागली, भूक लागली, नोकरी लागली, डोळा लागला, विहिरीला पाणी लागलं, निकाल लागला, दूध तळाला लागलं, भाजी खारट लागते, प्रवासाला चार तास लागतात, तो माझा मामा लागतो, पोर रडू लागलं, जावंच लागलं. या सगळ्यांना एका माळेत ओवायचं, तर पहिला मणी कुठला? माझं मत असं की चिकटणं, स्पर्श होणं हा पहिला, कारण मुळात संस्कृत ‘लग्’ म्हणजे चिकटणं. त्याचंच ‘लग्न’, म्हणजे चिकटलेलं, आणि त्या ‘लग्न’चं प्राकृतात ‘लग्ग’ होऊन आपलं ‘लागणे’. म्हणजे ‘लग्न लागलं’ या वाक्यात एकच शब्द दोन वेळा उभा आहे, एकदा सोवळ्यात आणि एकदा घरच्या कपड्यांत. पण ‘खारट लागतं’ हे चिकटण्यातून कसं निघालं, हे मला अजून पटेल असं मांडता आलेलं नाही. तू मांडून बघ. शब्दकोश आधी उघडू नकोस. आधी आठवडाभर घरात, एसटीत, बाजारात कान देऊन बस, वाक्यं टिप, चिठ्ठ्या जमिनीवर पसर आणि ढीग कर. ढीग सारखे मोडावे लागतील. मग कोश उघड आणि आपल्याकडे काय जास्त आलं ते बघ. ‘नेट लागत नाही’ हे दाते-कर्व्यांकडे नसणार, एवढं मी पैजेवर सांगते.

चिठ्ठ्या फोनमध्ये ठेवतोस ते ठीक, पण एक जोड कागदावर ठेव. पेन्सिल चालेल, शाईचं पेन पावसात पसरतं. डबा पत्र्याचा घे आणि कोपऱ्यात डांबराच्या दोन गोळ्या टाक. श्रावणात कागदाला कसर लागते. हा ‘लागते’ही ढिगात घाल, माझ्या यादीत तो राहिला होता.

तुझ्या बाई