सोनं संपलं म्हणून डॉसन सिटी ओसरलं का?

तुम्ही विचारलंय, कॅनडातलं डॉसन सिटी सोन्यामुळे वसलं आणि पाच-सहा वर्षांत रिकामं कसं झालं, सोनं संपलं का?

नाही. तिथे आजही उन्हाळ्यात ओढ्यांकाठी यंत्रं लावून सोनं काढतात. आटली ती नव्या माणसांची रीघ, आणि माझ्या मते शहर जगत होतं ते त्या रिघेवरच.

डॉसनजवळच्या क्लोन्डाइक नदीच्या एका ओढ्यात ऑगस्ट १८९६ मध्ये सोनं सापडलं. बाहेर बोभाटा झाला तो जुलै १८९७ मध्ये, सोनं घेऊन आलेली जहाजं सॅन फ्रान्सिस्को आणि सिअ‍ॅटलला लागली तेव्हा. लाखभर लोक निघाले, तीस-चाळीस हजार पोचले, तेही बहुतेक १८९८ च्या उन्हाळ्यात. तोवर चांगल्या ओढ्यांवरचे क्लेम (सोनं काढायच्या हक्काचे जमिनीचे तुकडे) आधीच्यांनी नावावर करून घेतले होते. उरलेल्यांना एकतर मजुरी, नाहीतर दुकानदारी. बेलिंडा मलरूनी ही बाई १८९७ मध्येच कापड आणि गरम पाण्याच्या पिशव्या घेऊन आली, सहापट नफा कमावला आणि हॉटेलं काढली. डोनाल्ड ट्रम्प यांच्या आजोबांनी तर डॉसनच्या वाटेवरच खानावळ थाटली. डोकेबाज माणूस!

मजुरांना काम होतं, कारण जमीन बारमाही गोठलेली. खड्ड्यात रात्रभर लाकडं जाळायची, सकाळी जेवढी माती सैल होईल तेवढी उपसायची, की पुन्हा जाळ. असं थेट तळच्या खडकापर्यंत; सोनं जड, ते तिथेच साठतं. वर आलेल्या मातीचा हिवाळाभर ढीग लावायचा. हाती काय लागलं ते कळायचं वसंतात, ओढ्याला पाणी सुटून माती लाकडी पन्हळीतून धुतली की.

१८९९ मध्ये अलास्कात नोमच्या समुद्रकिनाऱ्यावर चक्क वाळूत सोनं निघालं. ना जाळ, ना खड्डा! त्याच उन्हाळ्यात हजारो लोकांनी डॉसन सोडलं. १९०२ पर्यंत पाच हजारही उरले नव्हते. मग कंपन्यांनी क्लेम विकत घेऊन तरंगते ड्रेजर (पात्रातला गाळ उपसणारी यंत्रं) उतरवले. मूठभर माणसांच्या पाळीत एक ड्रेजर अख्खं पात्र उपसायचा, तेव्हा मजूर हवेत कुणाला? सोनं निघत राहिलं, पण बाजारात ते खर्च करणारी माणसं नव्हती. १९४२ मध्ये अलास्का महामार्ग डॉसन टाळून व्हाइटहॉर्स या दुसऱ्या शहरावरून गेला आणि १९५३ मध्ये युकॉनची, म्हणजे डॉसन ज्या प्रदेशात आहे त्याची, राजधानीही डॉसनहून तिकडेच हलवली.