मॉलमधल्या तीन नोकऱ्या आणि रात्री घरी पोचायची वेळ

"मावशी, मी 19 वर्षांची, एसवायबीकॉमला आहे, मांजरीला राहते. कॉलेज सकाळचं, बाराला सुटतं. पप्पा रिक्षा चालवतात, फी तेच भरतात, त्याच्यापुढे त्यांच्याकडे मागायला जीभ रेटत नाही. मला लॅपटॉप घ्यायचाय, सेकंडहँड चांगला तीसेक हजारात मिळतो, आणि स्वतःचा खर्च स्वतः काढायचाय. हडपसरच्या मॉलमध्ये तीन ठिकाणी हो म्हणालेत. मोठ्या ब्रँडचं कपड्यांचं दुकान, दुपारी 4 ते रात्री 10, आठवड्याला एक सुट्टी, 11,000. फूड कोर्टमधला एक काउंटर, 1 ते 6, सुट्टी तशीच, 8,000. आणि खेळण्यांचं दुकान, फक्त शनिवार-रविवार 12 ते 8, महिन्याला 4,800. माझं मन कपड्यांच्या दुकानात अडकलंय. आई म्हणते रात्रीचं नको. आत्या म्हणते बीकॉम करून लोकांचे कपडे घडी घालणार का. काय करू?"

बाळा, तुझं पत्र वाचून आधी खूप बरं वाटलं. पप्पांचा खिसा बघून तू मागणं थांबवलंस आणि कामाला निघालीस, याचं कौतुक आधी करते आणि मग बाकीचं बोलू.

आत्याचं पहिलं मिटवून टाकू. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 साली रयत शिक्षण संस्था काढली, तिथली मुलं शेतात राबून, अंगमेहनत करून शिकली आणि पुढे मोठमोठ्या पदांवर गेली, आणि त्यातूनच आलेली 'कमवा आणि शिका' योजना आज पुणे विद्यापीठाच्या कॉलेजांत चालू आहे. तुझ्या कॉलेजात आहे का तेही ऑफिसात जाऊन विचार, कॉलेजातच काम मिळालं तर जाण्यायेण्याचा प्रश्नच मिटतो. लोकांचे कपडे घडी घालण्यात कमीपणा काही नाही. आत्याशी वाद घालत बसू नकोस, पगार हातात आला की त्यांच्यासाठी पेढे घेऊन जा.

आता कपड्यांचं दुकान. 11,000 आकडा मोठा दिसतो म्हणून मी वही घेऊन बसले. सहा तास गुणिले 26 दिवस म्हणजे 156 तास, तासाला सत्तर रुपये. पण दहाला शटर खाली येतं म्हणजे तू दहाला सुटतेस असं नाही गं, कॅश टॅली होते, ट्रायल रूममधला ढीग परत घड्या घालून, टॅग बघून, साइजप्रमाणे रॅकवर लावायचा असतो, सेलच्या दिवसांत तर तो ढीग कमरेपर्यंत येतो. रोजचा पाऊण तास धर, मग तोच पगार तासाला साधारण 63 वर येतो. खेळण्यांच्या दुकानाचं बघ, आठ दिवस, आठ तास, 64 तास, म्हणजे तासाला 75. फूड कोर्टचे पडतात साडेएकसष्ट. जो आकडा सगळ्यात छोटा वाटत होता तोच तासाला सगळ्यात जास्त देतोय, आणि तुझ्याकडे विकायला तासच आहेत.

आणि पावणेअकराला मॉलमधून निघालीस की हडपसर गाडीतळावरून मांजरीला कशी जाणार, हे तू पत्रात लिहिलंच नाहीस. मला वाटतं त्याचा विचार तू मुद्दाम टाळलायस. शेअर रिक्षा त्या वेळेला भरेपर्यंत थांबते, एकटीने रिक्षा केली तर रोजचे पैसे जातात, आणि पप्पा न्यायला आले तर त्यांचा रात्रीचा धंदा बुडतो, म्हणजे तुझ्या 11,000 मधले काही त्यांच्याच खिशातून आले. आई 'रात्रीचं नको' म्हणते ते लोक काय म्हणतील म्हणून असेलही, पण तिचा मुद्दा खरा आहे. दुकानांसाठीचा आपल्या महाराष्ट्राचा 2017 चा कायदा आहे, त्यात रात्री साडेनऊनंतर बाईला तिच्या संमतीशिवाय कामावर ठेवता येत नाही, आणि संमती दिली तरी सुरक्षिततेची आणि घराच्या दारापर्यंत सोडायची सोय हवी असं म्हटलंय. तेव्हा इंटरव्ह्यूत सरळ विचार, "सर, दहाची शिफ्ट आहे तर ड्रॉपचं काय?" तो गडबडला किंवा "सगळ्या मुली जातात की आपापल्या" म्हणाला तर तुला उत्तर मिळालं.

तुला कपड्यांचंच दुकान का हवंय ते मला कळतं. एसी, म्युझिक, छान युनिफॉर्म, स्टाफ डिस्काउंट, मैत्रिणी येऊन बघतील. मीही विशीत एका साडीच्या दुकानात दीड वर्ष उभी होते, उभी होते हेच खरं वर्णन, स्टूल होतं पण गिऱ्हाईक नसतानाही त्यावर बसायची परवानगी नव्हती, संध्याकाळी चपलेचा पट्टा पायावर असा उठायचा की रात्री बोट लावलं तरी खड्डा दिसायचा. दहा मिनिटं उशीर झाला तर अर्धा दिवस कापायचे. केरळमध्ये साडीच्या दुकानांतल्या बायका याच्यासाठी लढल्या, 2018 मध्ये तिथल्या कायद्यात बसायचा हक्क आला, 2021 ला तामिळनाडूनेही तो दिला. ती बातमी मी दोनदा वाचली आणि मला रडू आलं होतं.

म्हणून एक कर. रविवारी संध्याकाळी सातला गिऱ्हाईक म्हणून तिन्ही ठिकाणी चक्कर मार आणि माल बघू नको, काम करणारी पोरं बघ. खांबाआड एखादी एक पाय उचलून दुसऱ्यावर उभी आहे का, पाणी प्यायला जाताना कोणाची परवानगी मागतेय का, मॅनेजर सगळ्यांसमोर आवाज चढवतोय का. फूड कोर्टवर तळणीजवळच्या पोराच्या मनगटावर चटके दिसतात का तेही बघ. एखादीला हळूच विचार, "पगार तारखेला होतो का?" हा एक प्रश्न पुरे, तिच्या चेहऱ्यावर सगळं दिसतं.

मग हो म्हणायच्या आधी या गोष्टी कागदावर घे. पगार दुकान देणार की एजन्सी, कारण मॉलमध्ये बरेचदा आपण ज्या ब्रँडचा टी-शर्ट घालतो त्याच्या पेरोलवर आपण नसतोच. कॅश कमी पडली तर कोणाच्या पगारातून कापणार. टार्गेट आहे का, आणि ते पूर्ण नाही झालं तर काय. परीक्षेला सुट्टी. हे शेवटचं फार महत्त्वाचं, दिवाळीत मॉलला सगळ्यात जास्त गर्दी आणि तुझी सेमिस्टरची परीक्षाही त्याच्याच आगेमागे, त्या वेळी कोणी तोंडी दिलेला शब्द पाळत नाही. युनिफॉर्मचं डिपॉझिट, रजिस्ट्रेशन फी असलं काही मागितलं तर तिथून उठून ये. ओरिजिनल मार्कशीट कोणालाही ठेवायला देऊ नकोस, झेरॉक्स पुरे.

फूड कोर्ट वाईट नाही, सहाला सुटतेस, उजेडात घरी. पण बाराला कॉलेज सुटून एकला काउंटरवर म्हणजे जेवण कधी, आणि आठवड्याचे सहा दिवस सकाळपासून सहापर्यंत बाहेर राहून रात्री अकाउंट्सची गणितं सोडवणार तू? पहिला महिना सोडवशील. थंडीत अंगावर येईल.

माझं मत विचारलंस तर खेळण्यांचं दुकान. लॅपटॉपला सहा-सात महिने लागतील हे खरं, कपड्यांच्या दुकानात तो तीन महिन्यांत आला असता, आणि ही वाट बघणं तुला जड जाणार हेही मला माहितीये. पण सोमवार ते शुक्रवार तुझे राहतात, आठला सुटून नऊच्या आत घरी, आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत त्याच दुकानाला सांगायचं की दोन महिने रोज येते, ओळखीच्या मुलीला ते आनंदाने घेतील. तिथेही सुटायची वेळ आठ म्हणजे आठच का ते मात्र विचारून घे. बिलिंग शिकवा म्हण, स्टॉक मोजायला बसव म्हण. बीकॉमच्या पोरीला इन्व्हेंटरी पुस्तकात कळते त्याच्या दुप्पट गोडाऊनमध्ये कळते.

पहिल्या दिवशी आईला बरोबर ने, मॅनेजरशी दोन मिनिटं बोलू दे, त्याचा नंबर तिच्या फोनमध्ये सेव्ह कर. आणि पहिल्या पगारातून आधी मऊ तळाचे बूट घे, लॅपटॉपचे पैसे दुसऱ्या महिन्यापासून साठव.

तुझी,
मावशी