बहुतेक म्हणू नकोस

चि. पोरीस,
अनेक आशीर्वाद.

काल रात्री फोनवर तू रडत होतीस म्हणून मी फार बोलले नाही. पण एक शब्द कानातून जाईना. मी विचारलं, संततिनियमनाची गोळी कधी सुरू केलीस? तू म्हणालीस, "बहुतेक मागच्या मंगळवारी." पाळीच्या कितव्या दिवशी? "बहुतेक चौथ्या. की सहाव्या." मध्ये खाडा झाला का? "एकदा झाला बहुतेक."

चौथा की सहावा, यानं काय बिघडतं असं तुला वाटत असेल. पाळीच्या पहिल्या पाच दिवसांत गोळी सुरू केली तर पहिल्या दिवसापासून भरवसा असतो. त्यानंतर सुरू केली तर पुढचे सात दिवस निरोध वापरावा लागतो. म्हणजे तुझ्या त्या 'बहुतेक'वर दिवस राहणार की नाही हे ठरतं. तुझ्या सासरी कालनिर्णय भिंतीवर टांगलेलं मी पाहिलंय. दूधवाल्याचा एकेक खाडा त्यावर लिहिलेला असतो. अर्ध्या लिटर दुधाचा हिशेब चुकू नये म्हणून एवढी काळजी, आणि आपल्या अंगाचा हिशेब आठवणीवर?

लिहून ठेव. आज मला एवढंच सांगायचंय आणि ते मी पुन्हा पुन्हा सांगणार आहे.

आता तुझ्या त्रासाचं. मळमळतंय, छाती दुखरी झालीय, अधूनमधून डाग लागतोय, चिडचिड होतेय. हे नव्यानं गोळी सुरू केल्यावर पुष्कळ जणींना होतं आणि बहुतेकींचं दोन-तीन महिन्यांत निवळतं. गोळीतली संप्रेरकं स्त्रीबीज बाहेर पडू देत नाहीत आणि गर्भपिशवीचं अस्तर पातळ ठेवतात. शरीराला त्याची सवय होईपर्यंत ते अस्तर मधेच थोडं थोडं सुटतं, तोच तुझा डाग. डाग दिसला म्हणजे गोळी लागू पडत नाही, असं नाही. नेमानं घेत असशील तर ती आपलं काम करत असते. डाग दिसला म्हणून गोळी सोडलीस तर मात्र ते काम थांबतं, आणि रक्त आणखी जातं.

सासूबाई म्हणाल्या, गोळ्या उष्ण पडल्या. त्यांच्याशी वाद घालू नकोस. त्यांच्या वेळी त्यांना कुणी काही समजावलं नव्हतं, त्यांना काळजी वाटते म्हणून बोलतात. पण त्यांच्या सांगण्यावरून बंदही करू नकोस. गोळ्या पिशवीत साठत नाहीत, मूल कायमचं थांबत नाही. सोडल्यावर काही आठवड्यांत, फार तर दोन-चार महिन्यांत, बीज पुन्हा नेहमीसारखं तयार व्हायला लागतं. मळमळीसाठी गोळी रात्री जेवणानंतर घे. तुझी ड्युटी बदलती आहे, म्हणून जेवणाच्या वेळेला बांधता येत नाही म्हणशील, तर दिवसातली अशी एक वेळ धर जी कुठल्याही शिफ्टमध्ये तुझ्या हातात असेल. मोबाईलचा गजर लाव. पण गजर बंद केला म्हणजे गोळी घेतली असं नव्हे. घेतल्यावर लिही.

मी एवढी हट्टाला का पेटते ते सांगते. १९८९ साली मी बीड जिल्ह्यात एका आरोग्य उपकेंद्रावर नर्स होते, नोकरीला चार वर्षं झालेली. दिवाळीच्या सुमारास टोळ्या ऊसतोडीला निघायच्या. एक कोयता म्हणजे नवरा-बायको, त्यामुळे गाव निम्मं रिकामं व्हायचं. विशीची एक पोर ट्रॅक्टरला बैलगाडी बांधत होते तिथून पळत आली. दोन मुलं झालेली, तिसरं नको होतं. मी तिला माला-एनची, म्हणजे संततिनियमनाच्या सरकारी गोळ्यांची, सहा पाकिटं दिली, रजिस्टरवर अंगठा घेतला आणि म्हटलं, रोज एक खा. बस्स. पहिल्या महिन्यात डाग लागेल, मळमळेल, घाबरू नकोस, हे एक वाक्य मी बोलले नाही. बाहेर ट्रॅक्टर चालू होता, रांगेत आणखी बायका होत्या, आणि मला आकडा भरायचा होता.

वैशाखात ती परत आली तेव्हा पाचवा महिना चालू होता. पदराच्या गाठीतून तिनं पाकिटं काढून माझ्या टेबलावर ठेवली. पाच अख्खी होती. सहाव्यातल्या अकरा गोळ्या संपलेल्या, बाकीच्या तशाच, आणि पाकिटाची चांदी घामानं काळी पडलेली. "अंगावरनं जायला लागलं बाई, समद्या म्हणाल्या उष्ण पडलं, मग म्या सोडल्या." मला एका शब्दानंही दोष दिला नाही. तिचं हिमोग्लोबिन सात भरलं. बाळंतपण निभावलं, पण ते मूल तिला नको होतं आणि ते माझ्या न बोललेल्या वाक्यामुळे झालं, हे मी आजही विसरत नाही.

त्यानंतर मी पाकीट देताना पंधरा मिनिटं घ्यायला लागले. जिला लिहिता येत नव्हतं तिला भिंतीवर कोळशाची रेघ ओढायला लावायची, गोळी घेतली की उभी रेघ, डाग दिसला की फुली. वरचे साहेब तपासणीला आले की म्हणायचे, तुमचा आकडा शेजारच्या उपकेंद्रापेक्षा कमी का? असेना का कमी. शेजारी वाटलेली पाकिटं मोजत होते, मी वर्षानंतरही गोळी घेणाऱ्या बायका मोजत होते. मी चुकले नव्हते. माझी बदली झाली तेव्हाही मी हेच म्हटलं, आणि आज निवृत्त होऊन चार वर्षं झाली तरी मला त्यात एक अक्षर बदलावंसं वाटत नाही.

आणि हे नुसतं गोळीपुरतं नाही. २०१९ साली बीडच्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या काढल्याच्या बातम्या आल्या तेव्हा मला त्या कोळशाच्या रेघा आठवल्या. अंगावरून किती दिवस जातंय, कधीपासून जातंय, हे जिच्याजवळ लिहिलेलं नसतं तिला समोरचा सांगेल ते खरं मानावं लागतं. तुझ्या हातात तारखा असतील तर डॉक्टरलाही नीट उत्तर द्यावं लागतं.

आता जरा रागावते. बीपी बघितलंस का? नाही ना. मैत्रिणीनं नाव सांगितलं आणि तू औषधाच्या दुकानातून पाकीट आणलंस. उद्या जवळच्या दवाखान्यात जा आणि बीपी मोज. वरचा आकडा १४० किंवा खालचा ९० च्या पुढे असेल तर ही गोळी चालत नाही, दुसरे उपाय आहेत. अर्धशिशीचा त्रास आहे का? डोकं दुखायच्या आधी डोळ्यांपुढे नागमोडी चमक येते का? येत असेल तर गोळी आजच थांबव आणि डॉक्टरला सांग, तिथे माझा हट्ट नाही. रक्ताची गाठ झाली होती का, तुला किंवा घरात कुणाला? कावीळ, फिटची गोळी, क्षयाचं औषध? क्षयाच्या उपचारातलं रिफाम्पिसिन आणि फिटची काही औषधं या गोळीचा जोर कमी करतात.

एका पोटरीत दुखून सूज आली, छातीत दुखलं, धाप लागली, एकदम कधी नव्हे असं डोकं दुखलं, दिसायला कमी झालं, तर तीन महिने वाट बघायची नाही. त्याच दिवशी दवाखाना. हे क्वचित होतं, पण ओळखता आलं पाहिजे. मन सारखं उदास राहायला लागलं तरी सांग. गोळी बदलून मिळते, सोसत बसण्यात काही मोठेपण नाही.

खाड्याचा नियम तोंडपाठ कर. एक गोळी राहिली तर आठवल्याबरोबर घे, पुढची तिच्या वेळेला घे, एका दिवशी दोन झाल्या तरी चालेल. दोन किंवा जास्त राहिल्या तर शेवटची राहिलेली लगेच घे, आधीच्या सोडून दे, रोजची चालू ठेव आणि सात दिवस निरोध वापर. हा घोळ पाकिटाच्या तिसऱ्या आठवड्यात झाला तर पाकिटातल्या शेवटच्या सात तपकिरी गोळ्या वगळून सरळ नवं पाकीट सुरू कर. पहिल्या आठवड्यात झाला आणि संबंध आला असेल तर ७२ तासांच्या आत तातडीची गोळी घ्यावी लागू शकते, तेव्हा लाजून बसू नकोस, विचार. गोळी घेतल्यापासून दोन तासांत उलटी झाली तर दुसरी घे. एरवी मात्र त्या सात तपकिरी गोळ्या लोहाच्या असतात, त्या फेकू नकोस. त्याच दिवसांत पाळीसारखं रक्त येईल, नेहमीपेक्षा कमी. गौरी-गणपतीत पाळी पुढे ढकलायला तुझी जाऊबाई घेते ती गोळी वेगळी, तिनं दिवस राहायचे थांबत नाहीत. दोन्हींची सरमिसळ झालेली मी फार वेळा पाहिली आहे.

नेमानं घेतली तर वर्षभरात शंभरात एकीलाही दिवस राहत नाहीत. प्रत्यक्षात सातेक जणींना राहतात. मधला सगळा फरक खाड्यांचा आहे, पोरी.

र. धों. कर्व्यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं आणि त्या कामापायी प्राध्यापकाची नोकरी सोडली. त्याला शंभर वर्षं होऊन गेली आणि तू काल बाल्कनीत जाऊन, दार लावून, दबक्या आवाजात मला विचारत होतीस. मला वाईट वाटलं. तुझा राग नाही आला, वाईट वाटलं. गोळीला नवऱ्याची सही लागत नाही, सासूची परवानगी लागत नाही. जावईबापूंना सांगितलंस तर बरंच, गजर झाला की तेही आठवण करतील.

कालनिर्णयावर लिहायचं अवघड वाटत असेल तर मी करायचे तसं कर. १९८६ साली, लग्नानंतर, मी दुधाच्या आकड्याशेजारी पेन्सिलीनं बारीक टिंब द्यायचे. डाग दिसला तर टिंबाखाली आडवी रेघ. वर्षभर कुणाला कळलं नाही, मला मात्र रोजचं कळत होतं.

आज पाकीट समोर घेऊन बस. किती गोळ्या संपल्या ते मोज, आणि मंगळवार होता की बुधवार ते त्यावरून काढ. चौथा दिवस होता याची खात्री होत नसेल तर सहावा धर आणि सात दिवस पुरे होईपर्यंत निरोध वापर. मधे संबंध आला असेल तर तेही मला सांग. मग बीपीचा आकडा, सुरू केल्याची तारीख आणि राहिलेल्या गोळीची तारीख, तिन्ही कागदावर लिहून त्याचा फोटो पाठव. रात्री दहापर्यंत मी जागी असते.

तुझी,
नर्समावशी