कुष्ठरोगाचा जंतू पेशीसंवर्धनात का वाढत नाही?

प्रश्न : कुष्ठरोगाचा जंतू माणसाच्या पेशींच्या आत राहतो, असे वाचनात आले. मग प्रयोगशाळेत जोपासलेल्या पेशींमध्ये तो वाढवता का येत नाही?
– एक वाचक, वर्धा

उत्तर : पेशींत राहणारे सगळेच जंतू असे हटवादी नसतात. क्लॅमिडिया प्रयोगशाळेतल्या पेशींत शिरला, की दोन-तीन दिवसांत त्याचे जीवनचक्र पुरे होते. मात्र परक्या जंतूंपासून पेशींना जपण्यासाठी पोषकद्रवात जी प्रतिजैविके घालतात, त्यांनी क्लॅमिडियाच मरणार नाही, याची खात्री आधी करावी लागते.

कुष्ठरोगाच्या जंतूची मोठी अडचण वेळेची आहे. त्याची संख्या दुप्पट व्हायला साधारण बारा ते चौदा दिवस लागतात. तेवढ्या काळात जोपासलेल्या पेशी एक तर मरू लागतात किंवा स्वतःच इतक्या झपाट्याने वाढतात, की त्यांच्यातले जंतू विरळ होत जातात. शिवाय त्याला शरीराच्या तापमानापेक्षा थंड, साधारण ३३ अंश सेल्सिअसचे वातावरण मानवते. २००१ मध्ये त्याचा जनुकसंच वाचला गेला, तेव्हा एक हजाराहून अधिक जनुके निकामी झालेली आढळली. म्हणजे जगण्याची पुष्कळशी सामग्री तो आश्रयदात्या पेशीकडूनच घेतो. जंतू गिळणाऱ्या भक्षकपेशींत तो काही आठवडे जिवंत राहतो, पण त्याच्या पिढ्यांमागून पिढ्या तेथे वाढत नाहीत. म्हणूनच संशोधकांना १९६० पासून उंदराच्या तळपायाचा आणि १९७१ पासून आर्माडिलो या थंड अंगाच्या प्राण्याचा आधार घ्यावा लागला.

या प्रयत्नांत मुंबईचा वाटा आहे, आणि तो मराठी वाचकांना ठाऊक असायला हवा. १९५८ मध्ये तेथील भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात बापट, कमल रणदिवे आणि खानोलकर यांनी कुष्ठरुग्णाच्या ऊतीतले जंतू मानवी गर्भाच्या मज्जारज्जूलगतच्या चेतापेशींच्या संवर्धनात वाढवले. पुढील तपासणीत हे जंतू कुष्ठरोगाचे नसून क्षयजंतूंच्या दूरच्या गोतातले असावेत, असे दिसले. तरीही ते मारून बनवलेल्या लशीने दक्षिण भारतातील मोठ्या चाचणीत सुमारे ६५ टक्के संरक्षण दिल्याचे १९९८ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यामुळे त्या संशोधनाला फसलेला प्रयोग म्हणणे मला अन्यायाचे वाटते.